समुपदेशनातला ‘उपदेश’ आणि रॉजर्सच्या तबकड्या

मराठीतून मानसशास्त्र शिकलेल्या चार जणांना विचारून बघा, ‘क्लायंट’ला मराठीत काय म्हणायचं? एक जण सांगेल ‘सल्लार्थी’. दुसरा म्हणेल ‘अशील’. तिसरा जरा कचरत ‘ग्राहक’ म्हणेल, आणि चौथा वैतागून, ‘क्लायंटच म्हणा ना, सगळे तेच म्हणतात.’

आता हे शब्द जरा फोडून पाहू. अशील वकिलाकडे जातो, ग्राहक दुकानात जातो. सल्लार्थी म्हणजे सल्ला मागायला आलेला माणूस. आणि तो ज्यासाठी येतो त्या कामाला आपण म्हणतो ‘समुपदेशन’. या शब्दाच्या पोटात सरळसरळ ‘उपदेश’ बसलेला आहे. म्हणजे ‘क्लायंट-सेंटर्ड कौन्सेलिंग’चं ‘सल्लार्थी-केंद्रित समुपदेशन’ केलं, की त्याचा शब्दशः अर्थ होतो: सल्ला मागणाऱ्याला मध्यभागी बसवून त्याला केलेला उपदेश. गंमत अशी, की ही पद्धत ज्याने मांडली त्या कार्ल रॉजर्सचा सगळा आटापिटा उपदेश टाळण्यासाठीच होता.

तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेट किंवा नेटच्या तयारीत असाल, कुणी संशोधनाचा आराखडा लिहायला घेतला असेल. त्यात ‘क्लायंट-सेंटर्ड’, ‘कोलॅबोरेटिव्ह’, ‘सहभागी’ असे शब्द हमखास येतात, कारण ते आता सगळीकडेच येतात. मी मुळशी तालुक्यात राहते. चांदणी चौक सोडून पौडच्या रस्त्याला लागलं की कारखाने, वसतिगृहं आणि रिसॉर्ट यांच्या पाट्यांमध्ये अधूनमधून समुपदेशनाचीही पाटी दिसते, आणि ‘तुमच्या सोबतीने, तुमच्या गतीने’ अशा अर्थाचं काहीतरी तिच्यावर असतंच. पाटीवर काही म्हणणं नाही. पण ती खरी आहे की नाही हे कसं तपासायचं? हा प्रश्न 80 वर्षांपूर्वी विचारला गेला आणि त्याचं उत्तर शोधायला एक यंत्र लागलं. आजचा लेख त्या यंत्राबद्दल, त्यातून रॉजर्सच्याच अंगावर काय आलं त्याबद्दल, आणि मग आपल्या महाराष्ट्रात हेच काम वेगळ्या वाटेने कसं झालं त्याबद्दल आहे.

रॉजर्सचा जन्म 1902 चा, शिकागोजवळच्या ओक पार्कचा. तो बारा वर्षांचा असताना घरचे शेतावर राहायला गेले. वडिलांना शेती शास्त्रशुद्ध करायची होती म्हणून घरात तशी पुस्तकं यायची. त्यातलं मॉरिसन नावाच्या लेखकाचं, जनावरांच्या खाद्यावरचं एक जाडजूड पुस्तक चौदा वर्षांच्या कार्लने वाचून काढलं. गुरांना कोणतं खाद्य दिलं की दूध किती वाढतं हे ठरवायचं, तर एका गटाला ते द्यायचं, दुसऱ्याला द्यायचं नाही, बाकी सगळं सारखं ठेवायचं. प्रयोग कसा करतात हे आपण तिथे शिकलो, असं तो पुढे सांगायचा. त्याने कॉलेजात प्रवेश घेतला तोही शेतकी शाखेत. मग इतिहास, मग धर्मशास्त्र, आणि शेवटी मानसशास्त्र. ज्यांनी आपण तीन वेळा शाखा बदलली म्हणून मनाला लावून घेतलंय त्यांनी हे वाक्य परत वाचावं.

1928 पासून बारा वर्षं तो न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर गावात होता. मुलांच्या अडचणी पाहणाऱ्या एका संस्थेत काम करायचा. तिथली एक गोष्ट त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे. एक व्रात्य मुलगा, त्याची आई. रॉजर्सचं निदान पक्कं होतं: आई मुलाला मनातून नाकारते, म्हणून तो असा वागतो. पुष्कळ बैठकींत त्याने हे आईला हळुवारपणे समजावायचा प्रयत्न केला. ते काही तिच्या गळी उतरेना. शेवटी त्याने हात टेकले, आपण दोघांनीही प्रयत्न केला, आता थांबू, असं म्हणाला. तिलाही पटलं. ती उठली, दारापर्यंत गेली, वळली आणि विचारलं, इथे मोठ्या माणसांना मदत करता का? मग परत येऊन बसली आणि स्वतःच्या लग्नाबद्दल, नवऱ्याबद्दल, संसारातल्या कोंडीबद्दल बोलू लागली. आधी फाइलमध्ये लिहिलेल्या नीटनेटक्या ‘केस हिस्टरी’शी त्या बोलण्याचं काही नातं नव्हतं. तिथून खरं काम सुरू झालं, आणि पुढे मुलगाही सुधारला.

कुठे दुखतंय, कोणत्या दिशेने जायचं, काय महत्त्वाचं आहे हे येणाऱ्या माणसालाच ठाऊक असतं, हा निष्कर्ष रॉजर्सने यातून काढला. एकट्यानेच नाही, हेही सांगायला हवं. ऑटो रँक आणि त्याच्याकडे शिकलेल्या समाजकार्यातल्या बायका या दिशेने आधीच विचार करत होत्या. पण 11 डिसेंबर 1940 रोजी मिनेसोटा विद्यापीठात रॉजर्सने एक व्याख्यान दिलं, सल्ला देणं, पटवणं, निदान समजावून सांगणं या जुन्या रीतींवर टीका केली, आणि सभेत खळबळ उडाली. तोपर्यंत त्याला वाटत होतं की आपण चालू प्रवाहाचं सार सांगतोय. आपण काहीतरी नवीन बोलतोय हे त्याला त्या दिवशी कळलं. 1942 मध्ये त्याचं ‘कौन्सेलिंग अँड सायकोथेरपी’ हे पुस्तक आलं, त्यात ‘पेशंट’ जाऊन ‘क्लायंट’ आला. आजारी माणसावर उपचार होतात, क्लायंट आपणहून येतो आणि निर्णयाचा हक्क स्वतःकडे ठेवतो, असा त्यामागचा विचार.

शब्द बदलला इतकंच असतं तर मी हा लेख लिहिला नसता. नवीन शब्द दर दहा वर्षांनी येतात. माझ्यासारखी एम.एस्सी.हून आलेली मुलगी हा इतिहास वाचते तेव्हा तिची नजर जाते ती त्या पुस्तकाच्या शेवटच्या भागाकडे. तिथे ‘हर्बर्ट ब्रायन’ या बदललेल्या नावाच्या एका माणसाच्या आठ बैठकी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत छापल्या आहेत. समुपदेशक काय म्हणाला, तो काय म्हणाला, सगळं.

त्याआधी काय व्हायचं? बंद खोलीत दोन माणसं बोलायची. नंतर त्यातलं एक माणूस, आठवेल तसं, खोलीत काय झालं ते लिहायचं, आणि ते लिहिलेलं म्हणजे पुरावा. म्हणजे प्रयोग करणारा तोच, निरीक्षण नोंदवणारा तोच, निकाल लावणाराही तोच. तुमच्या प्रयोगशाळेत कुणी असा पेपर आणला तर गाइड तो वाचणारसुद्धा नाही. ओहायो स्टेट विद्यापीठात रॉजर्सने हे मोडलं. बर्नार्ड कोव्हनर या त्याच्या विद्यार्थ्याने ध्वनिमुद्रणाची व्यवस्था उभी केली. टेप अजून यायची होती. तबकडीवर सुईने आवाज कोरायचा, काही मिनिटांत तबकडी भरायची, म्हणून दोन यंत्रं लागायची: एक भरतेय तोवर दुसरं तयार ठेवायचं. मग ते सगळं ऐकत, थांबवत, कागदावर उतरवायचं. मुलाखती उतरवून काढताना ज्यांचे खांदे भरून आलेत त्यांना या मुलांबद्दल आपुलकी वाटेल.

कोव्हनरने आणखी एक गोष्ट केली, जी मला तबकड्यांइतकीच मोलाची वाटते. समुपदेशकांनी आठवणीतून लिहिलेल्या नोंदी त्याने ध्वनिमुद्रणाशेजारी ठेवून तपासल्या. लिहिलेलं बरंचसं बरोबर होतं, पण बोलण्याचा फार मोठा भाग नोंदींत आलाच नव्हता. कुणी मुद्दाम खोटं लिहीत नव्हतं. माणसाला स्वतःच्या कामातलं आठवतं तेच, जे त्याच्या कल्पनेत बसतं.

पुढचा टप्पा शिकागोचा. 1945 पासून रॉजर्स तिथल्या विद्यापीठात होता, आणि आता त्याला ती गुरांच्या खाद्याची रीत माणसांवर लावायची होती. 1954 मध्ये रॉजर्स आणि रोझालिंड डायमंड यांच्या संपादनाखाली हे काम प्रसिद्ध झालं. त्यातला एक अभ्यास थोडक्यात असा. माणसाला बरीच वाक्यं लिहिलेली कार्डं द्यायची. ‘मी असा आहे’ या क्रमाने ती एकदा लावायला सांगायची, आणि ‘मी असा असायला हवा’ या क्रमाने पुन्हा एकदा. दोन मांडण्यांमधला सहसंबंध गुणांक काढायचा. थेरपीला आलेल्या 25 जणांचा हा आकडा सुरुवातीला सरासरी उणे 0.01 होता, म्हणजे आपण कसे आहोत आणि कसे असायला हवं यांचा एकमेकांशी काही मेळच नाही. थेरपी संपल्यावर तो 0.34 झाला. तुलनेसाठी घेतलेल्या, मदत न मागणाऱ्या लोकांचा आकडा 0.58 च्या आसपास होता आणि तो तसाच राहिला.

तुमच्यातल्या चिकित्सकांनी इथे हात वर केला असेलच. तुलनागट मदत न मागणाऱ्यांचा असेल तर ती तुलना कसली? बरोबर आहे. त्यासाठी त्यांनी आलेल्यांपैकीच काही जणांना 60 दिवस थांबवून ठेवलं आणि त्या काळात आपोआप काही बदलतं का ते पाहिलं. आजच्या मापाने ही रचना कच्ची आहे. पण 1952 मध्ये हान्स आयझेंक लंडनमधून म्हणत होता की थेरपी घ्या न घ्या, दोनतृतीयांश लोक तसेही बरे होतात. तेव्हा त्याला आकड्यांनी उत्तर द्यायला कुणाकडे काही असेल तर ते या लोकांकडे होतं.

आता लेखातला माझा आवडता भाग.

ध्वनिमुद्रण उघडं ठेवलं की ते फक्त मित्रच ऐकतात असं नाही. चार्ल्स ट्रुअक्स हा रॉजर्सचाच सहकारी. त्याने रॉजर्सने स्वतः हाताळलेल्या एका दीर्घ आणि यशस्वी केसच्या टेपमधले तुकडे घेतले आणि एक प्रश्न विचारला: रॉजर्स खरोखर प्रत्येक वाक्याला सारख्याच आपुलकीने प्रतिसाद देतो का? सिद्धांत तसा होता. थेरपिस्टने काही निवडायचं नाही, ढकलायचं नाही, समोरचा जिथे जाईल तिथे त्याच्याबरोबर जायचं. 1966 मध्ये ट्रुअक्सचा निकाल प्रसिद्ध झाला: नाही. काही प्रकारची वाक्यं आली की रॉजर्सच्या बोलण्यातली ऊब आणि समज वाढायची; समोरच्याचं बोलणं रॉजर्सच्या स्वतःच्या शैलीजवळ जाणारं असलं किंवा त्यात काही नवीन उमगलेलं असलं की जास्त. आणि ज्या प्रकारांना अशी दाद मिळत होती त्यांतल्या बऱ्याच प्रकारांची वाक्यं पुढे पुढे वाढत गेली. म्हणजे उपदेश नव्हता, पण दिशा होती. ‘हं’ कधी म्हणायचं यातसुद्धा दिशा असते.

यावरून रॉजर्स खोटा पडला असं काही जण म्हणतात. मला तसं वाटत नाही. उलट, बंद खोलीतल्या किती थोर थेरपिस्टांबद्दल आपल्याला असलं काही सिद्धच करता आलं नसतं, याचा विचार करा. रॉजर्सने टेप ठेवल्या म्हणून त्याला खोडता आलं. ‘माझी पद्धत क्लायंट-सेंटर्ड आहे’ या विधानाला पहिल्यांदाच खोटं ठरण्याची सोय मिळाली, आणि विज्ञानशाखेत आपण ज्याला विधान म्हणतो ते तिथून सुरू होतं.

विस्कॉन्सिनचा प्रयोग मी भरभर सांगते, कारण त्याची कथा वैताग आणणारी आहे. 1957 नंतर रॉजर्सने मनोरुग्णालयात भरती असलेल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर हीच पद्धत करून पाहिली. संशोधकांमध्ये भांडणं झाली, विदा गहाळ झाली, पुस्तक यायला 1967 उजाडलं. एकंदर निकाल असा, की थेरपी मिळालेले आणि न मिळालेले यांच्यात मोठा फरक नाही. मात्र ज्यांना थेरपिस्टकडून जास्त समज आणि प्रांजळपणा मिळाला त्यांची प्रगती बरी. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हे लोक आपणहून आलेले नव्हते. ‘क्लायंट’ या शब्दाचा पायाच तिथे नव्हता.

इथून आपण महाराष्ट्रात येऊ, कारण आपल्याकडे जो माणूस मदतीच्या दारात उभा असतो तो बहुतेक वेळा आपणहून आलेला नसतो. त्याला बायकोने आणलेलं असतं, भावाने आणलेलं असतं. ‘डॉक्टर, याला जरा समजावून सांगा’ हे पहिलं वाक्य आणणाऱ्याचं असतं. समजावून सांगा म्हणजे काय? उपदेशच.

भारतीय मनोविकारतज्ज्ञांनाही हा पेच दिसला होता. जसवंतसिंग नेकी यांनी 1973 मध्ये एक निबंध लिहिला: पाश्चात्त्य थेरपीचा सगळा भर माणसाला स्वतंत्र करण्यावर आहे, आपल्याकडचा रुग्ण मात्र आधार शोधत येतो, तेव्हा गुरू-चेला हे नातं थेरपीचा नमुना म्हणून वापरता येईल का? निबंध विचारपूर्वक लिहिलेला आहे. पण त्याचं एक स्वस्त रूप वर्गावर्गांतून फिरतं: ‘आपल्या माणसाला सल्लाच हवा असतो.’ 1965 साली निघालेली एक प्रसिद्ध फिल्म आहे, ग्लोरिया नावाची एकच स्त्री तीन थेरपिस्टांशी बोलते: रॉजर्स, फ्रिट्झ पर्ल्स आणि अल्बर्ट एलिस. घटस्फोटित ग्लोरिया रॉजर्सला थेट विचारते, माझ्या आयुष्यातल्या पुरुषांबद्दल लहान मुलीला खरं सांगू की नको? रॉजर्स उत्तर देत नाही, प्रश्नात तिच्यासोबत थांबतो. आपल्याकडे ही फिल्म दाखवली की मागच्या बाकावरून आवाज येतोच, ‘अहो, सांगून टाका ना एकदाचं!’ हा आवाज मला मोलाचा वाटतो. पण ग्लोरियाही उत्तरच मागत होती, हे विसरू नका. सल्ला मागणं हा काही भारतीय स्वभाव नाही, तो अडलेल्या माणसाचा स्वभाव आहे.

त्या फिल्ममधला तिसरा माणूस, एलिस, मराठी वाचकांच्या सर्वांत ओळखीचा. 1955 पासून तो न्यूयॉर्कमध्ये आपली पद्धत मांडत होता, जिला मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. घटना आपल्याला दुःखी करत नाही, घटनेबद्दलची आपली हटवादी समजूत करते. ती समजूत पुराव्याला टिकते का ते बघू, असा तिचा गाभा. रॉजर्सने 1957 मध्ये थेरपीला आवश्यक आणि पुरेशा अशा सहा अटी मांडल्या, तेव्हा 1959 मध्ये एलिसने एकेक अट घेऊन ती अपरिहार्य नाही असं दाखवायचा प्रयत्न केला. एलिस बोलायचा भरपूर, ठासून बोलायचा, प्रसंगी शिव्या द्यायचा. वरवर पाहता रॉजर्सच्या अगदी उलट टोक.

मग महाराष्ट्रात सहकार्याची पद्धत त्याच्या वाटेने आली असं मी का म्हणते? कारण कि. मो. फडके. त्यांनी 1968 मध्ये एलिसला पत्र लिहायला सुरुवात केली आणि तो पत्रव्यवहार छत्तीस वर्षं चालला. त्यात भक्ती नव्हती, वाद होता. फडके एलिसच्या मांडणीतल्या त्रुटी काढायचे, सुधारणा सुचवायचे, आणि एलिस त्यांतल्या काही मान्य करायचा. पुढे फडके एलिसच्या संस्थेचे फेलो आणि सुपरवायझर झाले, हा मान मिळालेले पहिले भारतीय. नेकींच्या गुरू-चेला नमुन्याशेजारी हे ठेवून बघा. शिष्य म्हणतो, तुमचं इथे चुकतंय, आणि गुरू म्हणतो, दाखव. एलिसच्या खोलीत समोरच्या माणसाकडूनही नेमकं हेच अपेक्षित असतं: मी सांगतो म्हणून मानू नकोस, तपास. 1979 मध्ये अॅरन बेक आणि सहकाऱ्यांनी नैराश्यावरच्या पुस्तकात यालाच दोघांनी मिळून केलेला अनुभवाधारित शोध असं रूप दिलं. थेरपिस्ट आणि क्लायंट हे जणू एकाच प्रयोगावरचे दोन संशोधक, आणि क्लायंटची समजूत हे तपासायचं गृहीतक. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना हे पटकन समजतं, कारण ही आपलीच भाषा आहे.

फडक्यांचे एक विद्यार्थी म्हणजे डॉ. आनंद नाडकर्णी. 1990 मध्ये ठाण्यात त्यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ सुरू केली, आणि मराठीतून लिहून, बोलून ही विचारपद्धत घराघरांत नेली. त्यांचं नाव आणखी एका संस्थेशी जोडलेलं आहे, आणि माझ्या मते या लेखाच्या प्रश्नाचं सर्वांत रोखठोक उत्तर त्या संस्थेत सापडतं.

1980 च्या दशकात गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, महाराष्ट्रातल्या शहरांत पसरली. अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं, ‘गर्द’ हे पुस्तक आलं. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता, म्हणजे सुनंदा अवचट, येरवड्याच्या मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक मदत दिली आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी त्या मनोरुग्णालयाच्याच आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. व्यसनी माणूस हा समुपदेशनातला सर्वांत अवघड सल्लार्थी, कारण सल्ला त्याला इतक्या वेळा मिळालेला असतो, की तोच तो तुम्हाला पाठ म्हणून दाखवेल. आईने शपथा घातलेल्या असतात, बायकोने पाय धरलेले असतात. उपदेश इथे निकामी झालेला असतो, आणि ज्याला काहीच सांगायचं नाही अशा रॉजर्सलाही इथे जागा नसते, कारण माणसाला नुसतं त्याच्या गतीने जाऊ दिलं तर तो सरळ गुत्त्यावर जाईल.

मुक्तांगणने काय केलं? औषधं, दिनक्रम, योग, स्वच्छतेची कामं, गटचर्चा असा 35 दिवसांचा निवासी कार्यक्रम आखला. हे काही रॉजर्सचं नाही. पण तिथे येणारा ‘रुग्णमित्र’ झाला, आणि बरे झालेले रुग्णमित्र कामाला लागले, समुपदेशक झाले, वॉर्ड सांभाळू लागले. या कल्पनेचं एक मूळ 1935 पासूनच्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसमध्ये आहे: दारुड्याशी दारुड्यानेच बोलावं. पण एका सरकारी मनोरुग्णालयाच्या आवारात, डॉक्टरच्या नेतृत्वाखाली, रुग्णाच्या अनुभवाला कामाचं ज्ञान मानणं ही वेगळी गोष्ट होती. व्यसनी माणूस बाटली कुठे लपवतो हे पदवी घेऊन कळत नाही. पत्नींसाठी ‘सहचरी’ गट सुरू झाला, आणि ‘याला समजावून सांगा’ म्हणत आलेली बाई तिथे स्वतःबद्दल बोलू लागली. रॉचेस्टरच्या दारातून वळलेली ती आई आठवली ना? तेच दार, इथे मराठीत.

सुनंदाताई 1997 मध्ये गेल्या. संस्था चालू राहिली, आज त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर ती सांभाळते.

आता माझी एक खंत, संशोधक म्हणून. या कामाबद्दल आपण जे वाचतो ते बहुतेक गोष्टींच्या रूपात आहे. ‘मुक्तांगणची गोष्ट’ या पुस्तकाचं नावच तसं आहे, आणि अवचट गोष्ट सांगण्यात पक्के होते. पण गोष्टी परत आलेल्यांच्या असतात. जे परत आले नाहीत, पुन्हा प्यायला लागले आणि लाजेने तोंड चुकवत राहिले, त्यांच्याबद्दल बोलायला मोजणी लागते, वर्षानुवर्षांचा पाठपुरावा लागतो. कोव्हनरने नोंदी आणि तबकड्या शेजारी ठेवल्या तसं गोष्ट आणि मोजणी शेजारी ठेवण्याचं काम तुमच्यापैकी कुणी केलं तर फार बरं होईल. गोष्टीचा अपमान न करता.

आमच्या मुळशीत कोळवण खोऱ्यात साधना व्हिलेज आहे. बौद्धिक अक्षमता असलेली प्रौढ माणसं तिथे वॉर्डात न राहता घरांसारख्या घरांत राहतात, आणि त्यांना ‘विशेष मित्र’ म्हणतात. पुन्हा तो ‘मित्र’ शब्द. मराठीत ‘क्लायंट’ रुजला नाही आणि ‘सल्लार्थी’ पुस्तकातच राहिला, पण चांगलं काम करणाऱ्या लोकांना दोन वेगवेगळ्या ठिकाणी तोच शब्द सुचावा, याची मला गंमत वाटते. मुळशीला तसाही जुना अनुभव आहे. 1921 मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध इथे सत्याग्रह झाला, सेनापती बापट त्यातूनच पुढे आले. वीज मुंबईला हवी होती, पाण्याखाली जाणार होते मावळे, आणि जमीन संपादनाच्या कायद्यात त्यांच्या होकाराला जागा नव्हती.

मनाच्या आजाराच्या कायद्यातही ती जागा फार उशिरा आली. 1912 च्या कायद्याचं नावच ‘लुनसी अॅक्ट’, त्यात माणसाला दाखल करायचा हुकूम मॅजिस्ट्रेट द्यायचा. 1987 चा कायदा थोडा पुढे गेला. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने पहिल्यांदा माणसाला आपल्यावर कोणते उपचार व्हावेत, कोणते नकोत, हे आधी लिहून ठेवायचा आणि आपला प्रतिनिधी नेमायचा अधिकार दिला. खोलीतला तो सगळा वाद 105 वर्षांत कायद्याच्या कलमापर्यंत पोहोचला.

मग तुमच्या आराखड्यात ‘क्लायंट-सेंटर्ड’ हा शब्द आला तर काय मोजायचं? एडवर्ड बॉर्डिन यांनी 1979 मध्ये थेरपीतल्या भागीदारीचे तीन भाग केले: उद्दिष्ट दोघांना मान्य आहे का, त्यासाठीची कामं दोघांना पटली आहेत का, आणि दोघांत विश्वासाचा धागा आहे का. त्यावरून हॉर्व्हथ आणि ग्रीनबर्ग यांनी 36 विधानांची मापनी बनवली, तीच आज जगभर वापरतात. वापरा, पण भाषांतर करताना जपा. ‘उद्दिष्ट कुणी ठरवलं’ हा प्रश्न आपल्याकडे दोघांमध्ये सुटत नाही, खोलीबाहेर बाकावर बसलेला भाऊ त्यात असतो. अमृतसरला डॉ. विद्यासागर यांनी 1950 च्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहायला लावलं होतं, ते उगाच नव्हे.

आणि मराठीतच काम करणार असाल तर तुमच्या हातात एक माप असं आहे, जे रॉजर्सच्या इंग्रजी तबकड्यांत मिळणं शक्यच नव्हतं. इंग्रजीत सगळे ‘यू’. आपल्याकडे तू आणि तुम्ही. संमती घेऊन, 2017 च्या आयसीएमआर मार्गदर्शक तत्त्वांनुसार नैतिक समितीची परवानगी काढून, बैठकी ध्वनिमुद्रित करा आणि उतरवताना फक्त एवढंच खुणेने दाखवत जा: कोण कुणाला ‘तू’ म्हणतंय, कोण ‘अहो’ म्हणतंय, ‘मॅडम’ची ‘ताई’ कितव्या बैठकीत होते, आणि पन्नाशीच्या माणसाला पंचविशीची समुपदेशक ‘काका’ म्हणाली की पुढच्या पाच मिनिटांत तो जास्त बोलतो की कमी. मग त्याशेजारी बॉर्डिनचे तीन आकडे ठेवा. दहा बैठकींपासून सुरुवात करा. एक तासाची बैठक उतरवायला सहा-सात तास धरून चाला, आणि खुर्ची चांगली घ्या.